ठराव करणारी माणसं

मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं, तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली लस आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ही गोष्ट मराठी वाचकाने कधी ना कधी वाचलेली असते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि दहा वर्षांनी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, हेही वाचलेलं असतं. वैद्यकीय संशोधनाच्या गोष्टीत आपल्याला अशी दोन माणसं ठळक दिसतात. एक प्रयोगशाळेतला संशोधक आणि दुसरा पैसा देणारा दाता. या दोघांच्या मधे एक लांबट टेबल असतं आणि त्याभोवती वर्षातून चार-सहा वेळा जमणारी काही माणसं असतात. वकील, सनदी लेखापाल, निवृत्त डॉक्टर, दात्याच्या घरातलं कुणी, एखादा बँकवाला, एखादी प्राध्यापिका. दात्याने मागे ठेवलेला पैसा कुठे गुंतवायचा, कोणत्या आजारावर खर्च करायचा, कुणाला द्यायचा, कुणाला नाही म्हणायचं आणि चालू असलेलं काम कधी थांबवायचं, हे तिथे ठरतं. हे पुस्तक त्या माणसांविषयी आहे.

आपल्याकडे संस्थांवर कमी लिहिलं गेलेलं नाही. रौप्यमहोत्सवी स्मरणिका आहेत, गौरवग्रंथ आहेत, संस्थापकांची चरित्रं आहेत. त्यात विश्वस्त मंडळ येतं ते एका पानावरच्या फोटोंपुरतं: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सदस्य. मधल्या पंचवीस वर्षांत या लोकांनी कशावरून वाद घातला, कोणता प्रस्ताव आधी फेटाळला आणि मग का मंजूर केला, याचा पत्ता लागत नाही. इतिवृत्ताच्या वह्या कपाटात पडून असतात. मला ही उणीव केवळ इतिहासलेखनाची वाटत नाही. निर्णय कुणी घेतला हेच ठाऊक नसेल, तर त्याचा जाब कुणाला विचारायचा? आणि चांगला निर्णय असेल, तर तो पुढच्या पिढीने शिकायचा कुठून?

विश्वस्त ही कल्पना जुनी आहे. मालमत्ता माझ्या नावावर, पण लाभ दुसऱ्याचा, आणि तो दुसरा बहुतेकदा मला कधी भेटणारही नाही. इंग्लंडमध्ये धर्मादाय कामांची पहिली मोठी कायदेशीर यादी १६०१ सालच्या कायद्यात झाली. पैसा सांभाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचा निवाडा मात्र पुष्कळ उशिरा झाला आणि त्याच्या मुळाशी एक रुग्णालय आहे. बोस्टनच्या जॉन मॅक्लीन या व्यापाऱ्याने मृत्युपत्राने पन्नास हजार डॉलर विश्वस्तांच्या हवाली केले. पत्नी हयात असेतो उत्पन्न तिला, तिच्यामागे निम्मी रक्कम हार्वर्ड कॉलेजला आणि निम्मी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला. विश्वस्तांनी पैसा कारखान्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या शेअरमध्ये घातला. मुद्दल घसरून तीस हजारांच्या आत आलं. कॉलेज आणि रुग्णालय दोघांनी कोर्ट गाठलं. १८३० साली न्यायमूर्ती सॅम्युअल पटनम यांनी विश्वस्तांच्या बाजूने निकाल दिला. सावध, समंजस माणूस स्वतःचा पैसा ज्या विचाराने ठेवतो त्या विचाराने तो ठेवला असेल, तर नुकसानीचा दोष विश्वस्तावर येत नाही, असं त्याचं सार. अमेरिकेतल्या विश्वस्त निधींच्या गुंतवणुकीवर या निकालाचा पुढे मोठा प्रभाव पडला.

आपल्याकडे १९५० चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, जमीन विकायची तर कलम ३६ खाली पूर्वपरवानगी. ट्रस्ट चालवलेल्या कुणालाही ही भाषा तोंडपाठ असते. या कायद्याने कितीतरी मालमत्ता वाचवल्या, हे मान्यच करायला हवं. पण त्याची नजर मालमत्तेवर आहे. ट्रस्टने संशोधनासाठी निवडलेला प्रश्न महत्त्वाचा होता की नाही, तो कुणाच्या सांगण्यावरून निवडला, संशोधनातून निघालेलं औषध गरिबाला परवडेल का, हे कुठल्याही चेंज रिपोर्टात येत नाही. ते विश्वस्तांच्या अकलेवर आणि सदसद्विवेकावर सोडलेलं आहे.

या अकलेचा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कला झाला. जॉन डी. रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स हे मूळचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी विल्यम ऑस्लर यांचं वैद्यकशास्त्राचं जाडजूड पाठ्यपुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं. रोगांची वर्णनं अप्रतिम, पण खात्रीने बरे करता येणारे रोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९०१ च्या जानेवारीत रॉकफेलर यांचा नातू लाल तापाने दगावला. त्याच वर्षी दहा वर्षांत मिळून दोन लाख डॉलर देण्याचं ठरलं आणि रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था सुरू झाली.

पैशाच्या आकड्यापेक्षा मला त्या संस्थेची घडण महत्त्वाची वाटते. संशोधनाचे निर्णय सात वैद्यक-शास्त्रज्ञांच्या मंडळाकडे दिले. विल्यम वेल्च त्याचे अध्यक्ष होते, सायमन फ्लेक्सनर संस्थेचे पहिले संचालक झाले. निधी सांभाळायला १९१० पासून वेगळं विश्वस्त मंडळ नेमलं. पैशाच्या मंडळाने विज्ञानात बोट घालायचं नाही आणि विज्ञानाच्या मंडळाने गुंतवणुकीत. रॉकफेलर स्वतः तर संस्थेत फारसे फिरकतही नसत. घरातलं मूल गेलेल्या माणसाने 'याच रोगावर काम करा' असा हट्ट न धरणं ही साधी गोष्ट नाही. त्या संयमाचं फळ म्हणजे, ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांचे दोन सहकारी न्यूमोनियाच्या जंतूंमागे वर्षानुवर्षं लागून राहिले आणि १९४४ साली, आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. न्यूमोनियाच्या उपचारासाठी दरवर्षी प्रगतीचा हिशेब मागणाऱ्या मंडळाने हे काम मधेच बंद केलं असतं.

दोन मंडळांची ही पद्धत अनेकांनी उचलली. खुद्द त्या संस्थेने मात्र १९५३ साली दोन्ही मंडळं एक केली. पैसा आणि विज्ञान यांच्यात भिंत घालायची की दार ठेवायचं, हा वाद अजून मिटलेला नाही.

योगायोग असा की १९५३ सालीच फ्लोरिडात याच्या अगदी उलट टोकाची संस्था जन्मली. विमानं, चित्रपट आणि तेलविहिरींची अवजारं यांतून अफाट श्रीमंत झालेल्या हॉवर्ड ह्यूज यांनी स्वतःच्या नावाची वैद्यकीय संशोधन संस्था काढली आणि आपल्या विमान कंपनीचे सगळे शेअर तिला देऊन टाकले. संस्थेचा विश्वस्त एकच: ह्यूज स्वतः. कंपनी वाढत गेली, संशोधनावरचा खर्च त्या मानाने किरकोळ राहिला. ही करचुकवेगिरीची सोय आहे, असा संशय अमेरिकी सरकारला बरीच वर्षं होता. एप्रिल १९७६ मध्ये ह्यूज वारले. वैध मृत्युपत्र नाही, वारस विश्वस्ताची नेमणूक नाही. एवढी मोठी संस्था, आणि तिच्या वतीने सही कुणी करायची हे कुणालाच माहीत नाही. डेलावेअर राज्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला चालला आणि अखेर १९८४ साली न्यायालयाने आठ विश्वस्त नेमले. शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्ष हॅना ग्रे त्यांतल्या एक.

या आठ जणांनी दीड-दोन वर्षांत कंपनी जनरल मोटर्सला पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली. १९८७ साली प्राप्तिकर खात्याशी तडजोड करून साडेतीन कोटी डॉलर भरले आणि दहा वर्षांत आणखी पन्नास कोटी संशोधनावर खर्च करायचं कबूल केलं. कंपनी तीच, पैसा तोच, उद्देशपत्रिकेतले शब्दही तेच. टेबलाभोवती बसणारी माणसं बदलली आणि ज्या संस्थेवर कर वाचवण्याचं साधन म्हणून बोट दाखवलं जात होतं, तिच्या पाठबळावर काम करणाऱ्या तीसहून अधिक शास्त्रज्ञांना पुढे नोबेल मिळालं. कारभार कोण करतो याने इतका फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

या सगळ्या कहाणीत सर्वांत गुंतागुंतीचं प्रकरण वेलकम ट्रस्टचं आहे. त्यावर जरा थांबायला हवं.

हेन्री वेलकम अमेरिकेत विस्कॉन्सिनला १८५३ साली जन्मले. १८८० साली लंडनमध्ये सायलस बरोज यांच्याबरोबर त्यांनी औषधांची कंपनी काढली. बरोज १८९५ साली वारले आणि सारा पसारा वेलकम यांच्याकडे आला. १९३६ साली ते गेले तेव्हा मृत्युपत्राप्रमाणे अख्खी कंपनी विश्वस्तांच्या ताब्यात आली. औषधं विकून नफा कमवायचा आणि तो वैद्यकीय संशोधनासाठी आणि वैद्यकाच्या इतिहासासाठी खर्च करायचा. सर हेन्री डेल १९३८ ते १९६० या काळात अध्यक्ष होते. ते स्वतः नोबेल विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि तरुणपणी वेलकम यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले. सुरुवातीची कितीतरी वर्षं वाटायला फारसा पैसाच नव्हता. दात्याच्या वारशाची घडी बसवण्यात आणि त्याने जगभरातून जमवलेल्या वस्तूंच्या ढिगाची व्यवस्था लावण्यात विश्वस्तांचा जीव मेटाकुटीला आला.

ऐंशीच्या दशकात वेगळाच पेच उभा राहिला. ट्रस्टचं सगळं धन एकाच कंपनीत अडकलेलं. एड्सवरचं पहिलं औषध, झिडोव्ह्युडिन, १९८७ साली याच कंपनीने बाजारात आणलं. किंमत इतकी की १९८९ साली रुग्णांचे पाठीराखे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात घुसून निषेध करू लागले, आणि कंपनीला किंमत वीस टक्क्यांनी उतरवावी लागली. नफा वाढला तर संशोधनाला पैसा वाढतो. पण तो नफा मरणाच्या दारातल्या माणसाकडून येतो. मालक असलेल्या ट्रस्टचा उद्देश रोगनिवारण, आणि त्याच्या मालमत्तेची किंमत रोग्याच्या खिशावर अवलंबून. या पेचाचं पूर्ण उत्तर कुठल्याही विश्वस्त मंडळाला सापडलेलं मला दिसत नाही.

विश्वस्तांनी हळूहळू कंपनीतून हात काढून घेतले. १९८६ साली पाव हिस्सा विकला, १९९२ साली आणखी विकून आपला वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आणला. १९९५ साली ग्लॅक्सोने नऊ अब्ज पौंडांच्या आसपास बोली लावली आणि ट्रस्टने आपले शेअर द्यायचं कबूल केलं. कंपनीच्या संचालकांना हे उशिरा कळलं. त्यांनी दुसरा खरेदीदार शोधायचा प्रयत्न केला, तो मिळाला नाही. लंडनच्या दक्षिणेला बेकनहॅमची प्रयोगशाळा बंद पडली. जॉन व्हेन आणि जेम्स ब्लॅक या दोघा नोबेल विजेत्यांनी जिथे काही वर्षं काढली होती, ती ही प्रयोगशाळा. तिथल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. विश्वस्तांचं कर्तव्य निधीशी होतं, हे कायद्याने बरोबर. पण वेलकम यांचं नाव आणि परंपरा त्या प्रयोगशाळेतही होती, आणि हा निर्णय वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आता या विक्रीची दुसरी बाजू. मे १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांनी खाजगी कंपनीच्या बळावर मानवी जनुकसंच तीन वर्षांत वाचून काढण्याची घोषणा केली. सरकारी पैशावर चाललेल्या प्रकल्पाचं आता काय, असा प्रश्न अमेरिकेत उघडपणे विचारला जाऊ लागला. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनला ट्रस्टच्याच पैशाने उभी राहिलेली सँगर प्रयोगशाळा जॉन सल्स्टन चालवत होते आणि तिथे वाचलेला प्रत्येक तुकडा जगाला फुकट खुला होत होता. त्यांचा वाढीव निधीचा प्रस्ताव आधीच तयार होता. घोषणेनंतर काही दिवसांतच लंडनमध्ये ट्रस्टच्या गव्हर्नरांची, म्हणजे विश्वस्तांची, बैठक झाली. अध्यक्षस्थानी सर रॉजर गिब्स होते, आयुष्य लंडनच्या वित्तबाजारात घालवलेले गृहस्थ. या मंडळाने सँगरचा निधी दुपटीहून वाढवून वीस कोटी पौंडांच्या पुढे नेला आणि जनुकसंचाचा एक तृतीयांश भाग एकट्या सँगरने वाचायचा असं ठरवलं. सल्स्टन आणि ट्रस्टचे मायकेल मॉर्गन लगेच अमेरिकेला गेले आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या सभेत त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं. खचू लागलेला सार्वजनिक प्रकल्प सावरला. माणसाच्या जनुकांची मूळ माहिती आज कुणालाही पैसे न मोजता पाहता येते, यामागे लंडनच्या त्या बैठकीचा मोठा वाटा आहे.

तेवढा पैसा ट्रस्टकडे त्या दिवशी होता, कारण तीन वर्षांपूर्वी कंपनी विकली होती. बेकनहॅमचे शास्त्रज्ञ आणि हिंक्स्टनचे शास्त्रज्ञ एकाच ठरावाच्या दोन टोकांना आहेत. विश्वस्तांचा हिशेब मांडायचा तर दोन्ही टोकं एकदम डोळ्यांसमोर ठेवावी लागतात, आणि या पुस्तकाने ती ठेवली आहेत याचं मला फार समाधान आहे.

दाता मोठा, पैसा मोठा, मंडळ छोटं, अशी ही एक परंपरा. दुसरी परंपरा सामान्य माणसांच्या चिल्लर नाण्यांची. पोलिओने अधू झालेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ साली बालपक्षाघातासाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान काढलं. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. बेसिल ओ'कॉनर हे रूझवेल्ट यांचे वकिलीतले भागीदार. ते या संस्थेचे बिनपगारी अध्यक्ष होते. त्यांच्या स्वतःच्या मुलीला १९५० साली पोलिओ झाला. जोनास सॉल्क यांच्या लशीची १९५४ सालची चाचणी अठरा लाख मुलांवर झाली. निकाल हाती यायच्या आधीच ओ'कॉनर यांनी नव्वद लाख डॉलरची लस कारखान्यांकडे नोंदवून ठेवली. लस निरुपयोगी ठरली असती तर तो सगळा पैसा पाण्यात जाणार होता. १२ एप्रिल १९५५ रोजी निकाल जाहीर झाला, लस उपयोगी ठरली आणि पहिल्या खेपा लगेच निघाल्या. त्याच महिन्यात कटर कंपनीच्या काही खेपांमध्ये जिवंत विषाणू राहून गेल्याचं उघडकीला आलं. कितीतरी मुलं लुळी पडली, दहा जण दगावले. घाई ही त्या काळी सगळ्यांचीच होती, सरकारचीही. पण आजाऱ्याची निकड आणि औषधाची खात्री यांत कशाला किती वजन द्यायचं, याचा याहून कठोर धडा मला माहीत नाही.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी आईवडिलांनी १९५५ साली काढलेल्या अमेरिकी संस्थेने तर औषध कंपनीलाच भांडवल पुरवलं. औषध २०१२ साली बाजारात आलं. पुढे २०१४ मध्ये संस्थेने त्यावरचे आपले स्वामित्वधनाचे हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकले. औषधाची किंमत तेव्हा वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती. संस्था श्रीमंत झाली ती तिच्याच रुग्णांच्या औषधावर. डेन्मार्कचं नोवो नॉर्डिस्क प्रतिष्ठान याच पेचाचं सर्वांत मोठं रूप आहे. इन्सुलिनपासून सुरू झालेल्या कंपनीवर त्याचं मताधिक्य आहे आणि २०२५ च्या अखेरीस प्रतिष्ठानाचे अध्यक्षच कंपनीच्या अध्यक्षपदी येऊन बसले.

आता आपल्या अंगणात. परदेशी मंडळांचे निर्णय आपल्यापर्यंत पोचलेले आहेत, फक्त त्यांची वाट आपण पाहिलेली नाही. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं ते रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या भागीदारीतून. तेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. कोविडच्या पहिल्या दिवसांत साऱ्या देशाचे नमुने तिथे येत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची वजनं, उंची, खाणंपिणं नोंदवायला सुरुवात केली. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी. पण हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त होती, आणि भारतात मधुमेह इतका का, या प्रश्नाकडे पाहायची दिशाच त्यामुळे बदलली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या या अभ्यासाला वेलकम ट्रस्टचं पाठबळ होतं. शेतावरून आलेली बाई वजनकाट्यावर उभी राहते, मोजमाप घेणारी ताई तिच्या दंडाला टेप लावते. या नोंदी वर्षानुवर्षं, मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवायच्या तर पैसाही तितकाच चिकाटीचा लागतो.

आपल्या स्वतःच्या परंपरेतले टाटांचे ट्रस्ट सर्वपरिचित आहेत, पण त्यांच्या दोन निर्णयांकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. मेहेरबाईंच्या स्मरणार्थ त्यांचे पती दोराबजी टाटा यांनी एप्रिल १९३२ मध्ये ट्रस्ट केला, त्यात उत्पन्नाचे चार पंचमांश जगात कुठेही चाललेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी आणि एक पंचमांश भारतासाठी ठेवले. दोन महिन्यांत ते स्वतः गेले. पारतंत्र्यातल्या देशातला ट्रस्ट युरोपातल्या शास्त्रज्ञांना पैसा देतो, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. दुसरा निर्णय सोडून देण्याचा. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे. आपण बांधलेली, आपल्या नावाची वास्तू सार्वजनिक हातात देणं पुष्कळ ट्रस्टना आजही जमत नाही. मी त्या विश्वस्तांना मनापासून मानतो.

वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची गोष्ट वेगळ्याच घडणीची आहे. गांधीजींच्या नावाने जमलेल्या निधीतून कुष्ठरुग्णांसाठी आणखी एक आश्रम काढणं सोपं होतं, देणगीदारांना ते आवडलंही असतं. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९५१ नंतर वेगळी वाट धरली. गावोगाव पाहणी करायची, लोकांना समजावून सांगायचं, रुग्णाला घरीच औषध द्यायचं. देशाच्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने पुढे हीच पद्धत उचलली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तर विषय निवडण्याचं कामच लोकांपर्यंत नेलं. आदिवासींना दवाखान्याच्या मोठ्या इमारतीची भीती वाटते असं त्यांच्याकडून कळल्यावर रुग्णालयच झोपड्यांच्या गावासारखं बांधलं. बायकांच्या आजारांवरचा १९८९ चा आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या पद्धतीवरचा १९९९ चा असे त्यांचे 'लॅन्सेट'मधले दोन निबंध जगभर गाजले. दुसऱ्यातली पद्धत पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. ओ'कॉनर यांच्या मंडळात आजाऱ्याचा आवाज अध्यक्षांच्या घरातून आला. गडचिरोलीत तो पाड्यावरच्या सभेतून आला. संशोधन ज्यांच्या शरीरावर होणार, त्यांच्या वतीने प्रश्न विचारणारं कुणीतरी टेबलाशी असावं लागतं. आजवर ज्या मंडळांनी मोठं काम केलं, त्यांत ते कुठल्या ना कुठल्या वाटेने पोचलेलं होतं, असं मला हा सगळा पट पाहिल्यावर वाटतं.

हे आताच का वाचायचं? पैसा येण्याच्या वाटा बदलल्या आहेत म्हणून. कंपनी कायदा २०१३ ने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. हा पैसा आर्थिक वर्षाच्या मापाने विचार करतो, आणि पुण्याच्या सहा गावांतला अभ्यास तीन दशकांच्या मापाने. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीला देण्याची वाट बंद झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थेमार्फत छोट्या संस्थेपर्यंत पोचणारा संशोधननिधी त्यामुळे आटला. महाराष्ट्राने २०२५ साली तहहयात विश्वस्तांच्या संख्येला मर्यादा घालणारी दुरुस्ती केली. त्यामुळे अनेक जुन्या ट्रस्टमध्ये नव्या माणसांना जागा करून द्यावी लागेल. ही नवी माणसं कोण असावीत, यावर आपल्याकडे चर्चाच झालेली नाही. दात्याचा मुलगा, जावई, सनदी लेखापाल आणि ओळखीचे डॉक्टर एवढ्यावर यादी संपते. ज्या आजारावर ट्रस्ट काम करतो, तो आजार झालेला माणूस त्या यादीत क्वचितच सापडतो. बाईमाणूस सापडली तरी बहुधा एक.

आणखी एक नाजूक जागा एथिक्स कमिटीची. रुग्णांवरचा कुठलाही अभ्यास सुरू करण्याआधी तिची मंजुरी लागते, तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि वैद्यकाबाहेरचा सामान्य माणूसही तिच्यात लागतो. विश्वस्त तिला नेमतात, तिला खोली आणि कारकून देतात, आणि तिथून पुढे तिच्या निर्णयात त्यांनी पडायचं नसतं. ज्या ट्रस्टचं स्वतःचं रुग्णालय आहे, तिथे तर जास्तच जपावं लागतं. राखीव खाटेवरचा निर्धन रुग्ण संशोधनाच्या कागदावर अंगठा देतो, तो समजून देतो की उपकाराखाली दबून, हे पाहण्याची शेवटची जबाबदारी विश्वस्तांचीच आहे.

या पुस्तकाने माणसांची चरित्रं न लिहिता निर्णय निवडले आहेत, आणि प्रत्येक निर्णयाभोवती तेव्हा कोण बसलं होतं, कुणाला काय माहीत होतं, कुणाचं हित कशात गुंतलं होतं, हे शोधलं आहे. त्यामुळे काही आदरणीय नावांच्या चुकाही यात येतात. संपादकांनी त्या झाकल्या नाहीत आणि त्यांचा गाजावाजाही केला नाही. लेखकांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, एका ट्रस्टमध्ये बरीच वर्षं चिटणीसपद सांभाळलेले गृहस्थ आहेत. सगळ्यांची मतं जुळत नाहीत. विश्वस्तांना मानधन द्यावं का, या एकाच प्रश्नावर दोन लेख परस्परविरुद्ध उत्तरं देतात. वेलकम ट्रस्ट देतो, आपल्याकडे बहुतेक देत नाहीत. माझा कल मानधनाच्या बाजूने आहे. फुकट काम करू शकणारी माणसं फक्त एका विशिष्ट थरातूनच येतात.

वाचकाला एक असमतोल जाणवेल. परदेशी संस्थांवरचे लेख लांब आणि तपशीलवार आहेत, इथल्या संस्थांवरचे आखूड. याचं कारण लेखकांचा आळस नव्हे. रॉकफेलर संस्थांचं दप्तर न्यूयॉर्क राज्यातल्या स्लीपी हॉलोच्या अभिलेखागारात कुणाही अभ्यासकाला पाहता येतं, वेलकमचे जुने कागद लंडनला वाचता येतात. आपल्या संस्थांच्या वह्या मागायला गेलं की सौजन्याने चहा मिळतो आणि वही मिळत नाही. म्हणून हे पुस्तक हाती घेणाऱ्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. तीस वर्षांहून जुनी इतिवृत्तं, रुग्णांची नावं झाकून, अभ्यासकांना खुली करावीत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी वेगळा विषय घालता आला नाही, तर अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत तो घेता येईल. त्याला एक सूचक आणि एक अनुमोदक लागेल.